पाण्याखालची दोन गावं

वेल्समध्ये खेडं ओळखायचं ते चर्चवरून. एका चर्चच्या हद्दीत जेवढी शेतं, वाड्या आणि घरं येतात, तेवढ्यांची मिळून एक पॅरिश. बाप्तिस्मा तिथंच, लग्न तिथंच आणि शेवटी माती मिळायची तीही तिथलीच. म्हणून अशी पॅरिश बुडते तेव्हा नुसती घरं बुडत नाहीत, पिढ्यांचं दफ्तरच बुडतं.

उत्तर वेल्समधल्या बेर्विन डोंगराच्या कुशीत लानवुदिन नावाचं गाव होतं. लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं बंदराचं शहर वाढत चाललं होतं आणि त्याला पाणी हवं होतं. 1881 साली वर्नवी नदीवर दगडी धरणाचं काम सुरू झालं. पहिला दगड बसवला तो तिथले बडे जमीनदार, पॉविसचे अर्ल यांनी. 1888 पर्यंत धरण उभं राहिलं. एक चर्च, दोन प्रार्थनाघरं, तीन दारूचे गुत्ते, दहा शेतघरं आणि सदतीस घरं पाण्याखाली गेली. शहरानं धरणाच्या खालच्या अंगाला नवं गाव वसवलं, नवं चर्च बांधून दिलं, जुन्या दफनभूमीतले मृतांचे अवशेषही तिथं हलवले. कागदोपत्री पाहिलं तर पुनर्वसन चोख झालं. पण शेत कसणाऱ्या कुळांच्या मतानं काही ठरलं असेल, असं त्यात कुठंच दिसत नाही.

पाऊणशे वर्षांनी तेच शहर डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आलं. बाला गावाजवळ त्रिवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन हे छोटं खेडं होतं. प्रार्थनाघर, शाळा, पोस्ट आणि थोडी घरं-शेतं, एवढाच पसारा. माणसं वेल्श बोलायची. भांडायची, देवाला आळवायची तीही वेल्शमधूनच. खोऱ्यात हाफोद फादोग नावाचं एक शेत होतं. क्वेकर पंथाच्या लोकांची तिथं जुनी दफनभूमी होती. सतराव्या शतकात बालाच्या परिसरातले पुष्कळ क्वेकर छळाला कंटाळून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेले. म्हणजे खोरं लहान, पण मुळं लांबवर पसरलेली.

या वेळी गावानं गप्प बसायचं नाही असं ठरवलं. 1956 च्या नोव्हेंबरात माणसं, पोरंबाळं घेऊन, लिव्हरपूलच्या रस्त्यावर मोर्चानं चालत गेली. पण शहरानं थेट लंडनच्या संसदेतून कायदा करून घेतला, त्यामुळे वेल्समधल्या स्थानिक नियोजन संस्थांची परवानगी लागलीच नाही. 1957 साली कायदा झाला. वेल्सच्या छत्तीस खासदारांपैकी एकानंही त्याच्या बाजूनं मत दिलं नाही, तरी झाला. 1963 साली शाळा बंद पडली, प्रार्थनाघरात अखेरची प्रार्थना झाली. काही घरांनी आपल्या माणसांचे अवशेष उकरून दुसरीकडे नेले. उरलेले तिथंच राहिले, वर काँक्रीट पडलं. 1965 च्या ऑक्टोबरात धरणाच्या उद्घाटनाला निदर्शकांनी इतका गोंधळ घातला की समारंभ काही मिनिटांत आटोपावा लागला.

दोन्ही गावं गेली, पण लानवुदिनचं दुःख गावापुरतं राहिलं आणि कापेल केलिनचं साऱ्या देशाचं झालं. मधल्या काळात लोकांना कळून चुकलं होतं की पाण्याबरोबर आपली भाषाही वाहून चालली आहे. पुढच्याच वर्षी, 1966 साली, वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाचा पहिला खासदार निवडून आला. अॅबरिस्टविथजवळच्या रस्त्याकडेला एका पडक्या भिंतीवर ‘त्रिवेरिन विसरू नका’ असं कुणी वेल्शमध्ये रंगवलं. ती अक्षरं कितीदा खराब झाली, पुन्हा पुन्हा रंगवली गेली. 2019 साली भिंतीची मोडतोड झाली, तेव्हा वेल्सभर ठिकठिकाणच्या भिंतींवर तीच अक्षरं उमटली.

2005 साली लिव्हरपूलनं माफी मागितली. तोवर चाळीस वर्षं उलटली होती. नवं चर्च बांधून देता येतं, थडगीही हलवता येतात. पण ‘तुमचं काय म्हणणं आहे?’ हा प्रश्न गाव बुडायच्या आधीच विचारावा लागतो.