घाटावर, घाटाखाली : बुलडाण्याचा असमतोल

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. खामगावला जलंबहून फाटा मिळाला आणि तेथे कापसाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांच्या वाट्याला रेल्वे आली नाही. खुद्द जिल्ह्याचे मुख्यालयही तिच्यापासून वंचितच!

प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी राज्य शासनाने १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने जिल्हा हे एकक धरले. त्यामुळे अनुशेषाच्या हिशेबात घाटावर किती आणि घाटाखाली किती, हा प्रश्न उरलाच नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तो मेहकर, सिंदखेडराजा या घाटावरच्या पट्ट्यातून जातो. परंतु ठराविक ठिकाणांखेरीज त्यावर वाहन चढवता येत नाही. घाटावर-घाटाखाली सांधू शकेल असा खामगाव-जालना लोहमार्ग ही मात्र ब्रिटिश राजवटीपासूनची मागणी आहे.