काठवट आणि खोका

स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया प्रांत आहे. तेथील उन्हाळा म्हणजे केवळ ऋतू नव्हे. ती एक शिक्षाच असते. सेव्हिल-कोर्दोबाकडे पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा उन्हात शेतावर राबणाऱ्यांचे अन्न म्हणजे गास्पाचो. शिळा पाव, लसूण, मीठ, ऑलिव्हचे तेल, शिरका आणि पाणी एवढेच त्याचे मूळ भांडवल. लाकडी काठवटीसारख्या भांड्यात हे सारे कुटायचे, पाणी ओतायचे आणि सर्वांनी मिळून खायचे.

आज गास्पाचो म्हटले की टोमॅटोचे लाल, गार सार डोळ्यांपुढे येते. परंतु टोमॅटो हा या पंगतीतला उशिरा आलेला पाहुणा. कोलंबस १४९२ साली पश्चिमेकडे गेला, त्यानंतरच अमेरिकेतील टोमॅटो आणि मिरची युरोपला ठाऊक झाली. आपल्या स्वयंपाकघरातही ही दोघे त्याच मुलखातून आली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. कोव्हारूबियासने १६११ च्या आपल्या कोशात गास्पाचो हे कापणी करणाऱ्यांचे व अडाण्यांचे खाणे म्हणून नोंदवले आहे. चारच वर्षांनी, १६१५ साली, सर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’चा दुसरा भाग निघाला. त्यातला सांचो राज्यपालपद सोडतो, ते पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवणाऱ्या वैद्यापेक्षा पोटभर गास्पाचो बरा असे म्हणत! पुढे टोमॅटो आत शिरला, आणि १८२४ साली मेरी रँडॉल्फच्या अमेरिकन पाकपुस्तकात टोमॅटोचा गास्पाचो छापूनही आला.

मग आला खोका. स्पेनमधील मुर्सिया येथे १९९१ साली ‘आल्व्हाये’ या नावाने तयार गास्पाचो विकू लागला; १९९९ साली तो धंदा पेप्सिको या अमेरिकन कंपनीने घेतला. आता दुकानातील शीतकपाटातून खोका काढावा, पेल्यात ओतावा, की झाले.

घरच्या गास्पाचोचे अभिमानी यावर नाक मुरडतात. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. ताज्या लसणीचा झणका आणि आपल्या हाताने बेतलेला आंबटपणा खोक्यात सापडत नाही. पण त्यांच्याही घरी काठवट आता कोपऱ्यात गेली असून विजेचे यंत्र फिरत असते. शिवाय दिवसभर काम करून दमलेल्या माणसाने खोका घेतला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला? गास्पाचो मुळात दमलेल्यांचाच!

मला खटकते ते निराळेच. विकतच्या अनेक गास्पाचोंत आता पाव नसतो. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची आहे. तेल, शिरका आहे. नाही तो फक्त शिळा तुकडा. ज्याला वाया घालवणे परवडत नव्हते अशा गरिबाने ज्याच्यासाठी हा पदार्थ रचला, तोच तुकडा बाहेर राहिला. पाहुणा यजमान झाला आणि यजमानाचे पान उचलले गेले. चव पुन्हा जमवता येईल. पण ती कोणाच्या भुकेतून आली, ही आठवण मात्र खोक्यावर छापलेली नसते.