न मिळालेले निमंत्रण

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५५ साली एक शाळा उघडली. तिचेच पुढे विद्यापीठ झाले. मुंबईचे सेंट झेविअर्स महाविद्यालय ज्या येशूसंघाने स्थापन केले, त्याचीच ही संस्था. तिच्या फुटबॉल चमूने १९५१ सालच्या हंगामात जे केले, त्याची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

हा फुटबॉल आपल्या मुलांच्या ओळखीचा नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू छातीशी धरून गडी प्रतिपक्षाच्या भिंतीत घुसतात. तो शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. खेळ मोठा अंगमेहनतीचा, आणि खर्चाचाही. खर्चाची ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

प्रशिक्षक जो कुहारिच यांच्या हाताखाली त्या वर्षी विलक्षण मुले एकत्र आली होती. जिनो मार्चेटी हा इटालियन स्थलांतरितांचा मुलगा दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय. मॅटसनचा जन्म टेक्सासचा, टोलरचा टेनेसीतील मेम्फिसचा. म्हणजे दोघेही दक्षिणेचे सुपुत्र. न्यूयॉर्कला फोर्डहॅम या दुसऱ्या येशूसंघीय विद्यापीठाविरुद्ध मॅटसनने आरंभफटक्याचा चेंडू झेलून, सारे मैदान पार करून गुण मिळवले. तेही एकाच सामन्यात दोनदा. तो सामना ३२-२६ असा सुटला. हंगामभरात त्याने चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव काढली. त्या वर्षी देशात कोणाही महाविद्यालयीन खेळाडूची एवढी नव्हती. नऊ सामने झाले आणि नऊही जिंकले.

अशा चमूंना नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या मानाच्या सामन्यांचे निमंत्रण येत असे. त्यातून मान मिळे आणि पैसाही. यांतील कित्येक सामने दक्षिणेत होत, आणि तेथे वर्णभेद कायद्यानेच पोसलेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या चमूपर्यंत निरोप पोहोचला तो असा : मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून या. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचे कारणही मागाहून पुढे करण्यात आले, आणि ते अगदीच निराधार होते असे नाही. परंतु खेळाडूंनी आयुष्यभर सांगितली ती अटीचीच गोष्ट. त्यांनी मतदान घेतले नाही की रात्रभर खलही केला नाही. सगळे जाणार, नाहीतर कोणीच नाही, एवढेच त्यांचे उत्तर होते.

त्याची किंमत लहान नव्हती. विद्यापीठाला फुटबॉलचा खर्च झेपेनासा झाला होता आणि त्या एका सामन्याच्या उत्पन्नाने कदाचित काही काळ निभावले असते. हंगाम संपल्यावर लवकरच चमू विसर्जित करण्यात आला. व्यवस्थापनाचा निर्णय व्यवहाराला धरून होता, हे आम्हांला मान्य आहे. तरीही मनात येतेच की, ज्या मुलांनी संस्थेचे नाव उजळले, त्यांच्यामागे खेळणाऱ्या धाकट्यांना मैदानच उरले नाही.

मुले मात्र विखरूनही मोठी झाली. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्यात एक रौप्य व एक कांस्यपदक मिळवले. तो, मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर असे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानपीठावर पोहोचले. टोलरच्या वाट्याला मात्र १९५२ सालीच गुडघ्याची जबर दुखापत आली आणि त्याचे खेळणे संपले. मग तो शिक्षक झाला, पुढे शाळेचा मुख्याध्यापक. १९६५ साली तो व्यावसायिक फुटबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय पंच बनला.

चमूचा १९५१ मधील अखेरचा सामना पॅसाडीनाच्या रोझ बोल मैदानावर झाला होता. लॉस एंजेलिसच्या लोयोला विद्यापीठाला तेथे त्यांनी २०-२ असे हरवले. त्याच मैदानावर जानेवारी १९८० मध्ये व्यावसायिक फुटबॉलचा वर्षातील सर्वांत मोठा सामना, सुपर बोल, खेळला गेला. पंचांच्या पट्टेरी सदऱ्यात बर्ल टोलर उभा होता. त्या सामन्यात पंच म्हणून उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्या वेळी संपूर्ण स्पर्धेची सूत्रे पीट रोझेल यांच्या हाती होती. १९५१ साली हेच रोझेल सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या खेळांच्या बातम्या वर्तमानपत्रांकडे पाठवण्याचे काम करीत असत.