शोध आणि शोधकाचा वाटा

यंत्र वा बियाणे जो नित्य वापरतो, त्यालाच त्यातील उणीव प्रथम जाणवते व ती दूर करण्याची युक्तीही पुष्कळदा त्यालाच सुचते. परंतु ती युक्ती बाजारात गेल्यावर तिचे मोल कोणाच्या पदरी पडते?

आपल्या वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ साली महात्माजींच्या हस्ते उघडण्यात आले. तेथील चरखे पाहताना १९२९ सालची स्पर्धा आठवते. सुधारलेल्या चरख्यासाठी चरखा संघाने एक लाख रुपयांचे पारितोषिक लावले होते. यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी आणि विजेत्याने पेटंटचे हक्क संघास द्यावेत, अशा अटी होत्या. पारितोषिक कोणासच लाभले नाही. तथापि यंत्र गरिबाच्या आवाक्यात राहावे व शोधकासही मोबदला मिळावा, हा हेतू थोर होता.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांच्याशी असा करार कोणी केला नाही. या अल्पशिक्षित शेतकऱ्याने १९८३ साली धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून नवे वाण सिद्ध केले. व्यापाऱ्याने घड्याळावरून त्यास ‘एचएमटी’ नाव दिले. तांदूळ दूरवर विकला गेला. दादाजींना सन्मान लाभले, पण २०१८ साली ते विवंचनेतच निवर्तले.

२००१ च्या कायद्यान्वये शेतकऱ्यास आपले वाण स्वतःच्या नावे नोंदविता येते. ज्ञातिबांधवांनो, आपल्या घरी कोणी असे काही घडविले असेल, तर ते बाजारात नेण्यापूर्वी नोंदवा. आणि अशा कुटुंबास कागदपत्रांचे साह्य करणे हे मंडळाने आपले कर्तव्य मानावे.