खोक्यात मावणारं वॉटर्लू : नेपोलियनच्या काळातले प्लास्टिकचे सैनिक जमवणारे आणि रंगवणारे लोक नेमकं करतात तरी काय?

जेमतेम २४ मिलिमीटर उंचीचा एक प्लास्टिकचा सैनिक. त्याच्या कोटाची कॉलर पिवळी की लाल, यावर चांगली मोठी माणसं तासन् तास वाद घालतात. रंग चुकला तर तो काढून सैनिक पहिल्यापासून रंगवतात. बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण या छंदात कॉलर चुकली की रेजिमेंट चुकते, आणि रेजिमेंट चुकली की लढाईच चुकते.

सुरुवात कुठून झाली?

त्याआधी खेळण्यातले सैनिक प्रामुख्याने शिशाचे असत. विल्यम ब्रिटन या इंग्लिश कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ सैनिक बनवायला घेतले, म्हणून ते थोडे स्वस्त झाले. खरा फरक पडला प्लास्टिकमुळे. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५९ मध्ये छोट्या सैनिकांची पहिली खोकी बाजारात आणली. मॉडेल रेल्वेच्या शेजारी शोभतील एवढ्याच मापाचे हे सैनिक होते. साठच्या दशकाच्या शेवटापासून त्यात वॉटर्लूची मालिका आली : घागरा घातलेले स्कॉटिश हायलँडर, छातीवर पोलादी चिलखत चढवलेले फ्रेंच क्युरॅसियर घोडेस्वार, तोफखाना, प्रशियाचं पायदळ. एका खोक्यात डझनावारी सैनिक, आणि किंमत पोरांच्या खाऊच्या पैशात बसणारी. पुढे एस्की, इटालेरी, हॅट अशा कंपन्याही यात उतरल्या.

आज मुख्य मापं तीन. १/७२ म्हणजे साधारण २४ मिलिमीटरचा सैनिक, युद्धखेळासाठी २८ मिलिमीटरचा आणि कपाटात मांडायला १/३२ म्हणजे ५४ मिलिमीटरचा.

नेपोलियनचाच काळ का?

कारण गणवेश. त्या काळच्या काळ्या बारुदीने रणांगणावर दाट धूर व्हायचा. त्यात आपला कोण, परका कोण हे ओळखायला रंग उपयोगी पडत. फ्रेंच पायदळ निळ्या कोटात, ब्रिटिश लाल, ऑस्ट्रियन पांढऱ्या, रशियन गडद हिरव्या. त्यातही पोटभेद. ब्रिटिशांचा कोट लाल असला तरी कॉलर आणि बाहीच्या कफचा रंग रेजिमेंटप्रमाणे बदलायचा. वॉटर्लूवर लढलेल्या ४४व्या रेजिमेंटचा तो पिवळा होता, ३३व्या रेजिमेंटचा लालच.

म्हणून रंगवणारा ब्रशआधी पुस्तक उघडतो. तिथे दुसरा पेच येतो. पुस्तकातला गणवेश संचलनाचा असतो. मोहिमेवरचा सैनिक कोटावर जाड ओव्हरकोट चढवायचा, टोपीला मेणकापडाची खोळ घालायचा, विजारीला ठिगळं लावायचा. मग सैनिक चकचकीत रंगवायचा की मळका? या मंडळींत ‘बटणं मोजणारे’ म्हणून एक जमात प्रसिद्ध आहे. त्यांच्यासमोर चूक लपत नाही.

रंग टिकत का नाही?

जुने आणि १/७२ मापाचे बहुतेक सैनिक मऊ पॉलिथिनसारख्या प्लास्टिकचे असतात. त्यावर रंग नीट धरत नाही. संगीन जराशी वाकली की रंगाचे पापुद्रे निघतात. मॉडेलचा नेहमीचा गोंदही पॉलिथिनला चिकटत नाही. म्हणून पद्धत ठरलेली आहे.

आधी सैनिक कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचे, म्हणजे साच्यातला तेलकटपणा जातो. मग ते बाटलीच्या झाकणावर किंवा आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवायचे. प्रायमर द्यायचा, काही जण त्याआधी फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा पातळ हात देतात. रंग ॲक्रिलिक वापरायचा, तो थोडा लवचीक असतो. आधी गडद छटा, वर मूळ रंग, उंचवट्यांवर फिकट रंग. शेवटी मॅट व्हार्निश.

२८ मिलिमीटरचे नवे सैनिक बहुतेक कडक पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांना गोंद आणि रंग दोन्ही छान बसतात, पण हात, डोकी, बंदुका सुट्या येतात, त्या स्वतः जोडाव्या लागतात.

एका सैनिकावर थांबता येत नाही, हीच मेख. युद्धखेळात समजा एक पुतळा म्हणजे २० माणसं धरली, तरी वॉटर्लूवरच्या नेपोलियनच्या सुमारे ७३ हजार सैन्यासाठी साडेतीन हजारांवर पुतळे लागतात. त्यामुळे बहुतेकांच्या घरी रंगवलेल्यांपेक्षा न रंगवलेल्यांचाच ढीग मोठा असतो.

खोकं उघडायचं की नाही?

जमवणारे आणि रंगवणारे इथे वेगळे होतात. जुनं खोकं न उघडलेलं असेल तर भाव जास्त. पण पॉलिथिन अमर नाही. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते वर्षानुवर्षं कडक होत जातं. मग पन्नास वर्षांपूर्वीचा सैनिक हात लावताच घोट्यात तुटतो. खोकं उघडल्याशिवाय आतले सैनिक शाबूत आहेत की नाहीत हे नीट कळत नाही, आणि उघडलं की किंमत उतरते. जपून ठेवायचं तर उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, हा साधा नियम सगळे पाळतात.

असईचा धागा

हा इतिहास फक्त युरोपचा नाही. ज्या ३३व्या रेजिमेंटचे लाल कफ वर आले, तिचाच कर्नल म्हणून आर्थर वेलस्ली भारतात आला होता. पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला त्याने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. शिंद्यांच्या कवायती कंपूंच्या तोफांपुढे त्याच्या ७४व्या हायलँडर रेजिमेंटची जवळपास राखरांगोळी झाली. बारा वर्षांनी १८ जून १८१५ ला हाच माणूस ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूवर उभा होता. तरी आपली सर्वोत्तम लढाई कोणती, असं विचारल्यावर त्याने असईचं नाव घेतल्याचं सांगितलं जातं.

म्हणजे टेबलावर वॉटर्लू मांडणारा छंदी खोलात गेला, तर त्याला कधी ना कधी मराठ्यांच्या फौजेचं पान उघडावंच लागतं. सुरुवात मात्र एक खोकं, दोन ब्रश आणि सहा-सात रंगांवर होते. पहिले दहा सैनिक बिघडतात, हे सगळेच मान्य करतात.