खानदेशांतील घरफोडी व जागल्याचा माग

गेल्या वैशाखांत गिरणाकांठच्या आमच्या वडिलोपार्जित घरीं घरफोडी झाली. घर धाब्याचें. पुढचा दरवाजा सागाचा, त्यास आंतून जाड अडसर. मंडळी धुळ्यास असल्यामुळें मागील दारास बाहेरून कुलूप. चोरांनीं या दोहोंपैकीं एकासही हात लावला नाहीं. न्हाणीच्या मोरीलगत पिढ्यान्‌पिढ्या पाणी मुरून भिंत ओली राहते; तेथें पहारीनें, एक मनुष्य सरपटत जाईल एवढें भोंक पाडून ते आंत शिरले. तांब्याचे हंडे, घंगाळ, समया व देवघरांतील चांदीचीं उपकरणें गेलीं. दफ्तराची पेटी फोडली होती, रुमाल सोडले होते आणि कागद जमिनीवर पसरून टाकले होते. ज्या धनासाठीं आमच्यासारखे लोक गांवोगांव हिंडतात तें चोरांनीं पाहून नापसंत केलें, याचें समाधान मानावें कीं वाईट वाटून घ्यावें, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

बातमी पसरतांच अर्धा गांव अंगणांत जमला. त्या गर्दींत एक वृद्ध भिल्ल गृहस्थ होते. त्यांच्या वाडवडिलांकडे गांवची जागल असे. ते एवढेंच म्हणाले कीं, आधीं माणसें बाहेर काढा, माग मोडतो. तोंवर माग मोडला होता. पुढें पंचनामा रीतसर झाला. वस्तु मिळाल्या नाहींत. परंतु त्या एका शब्दानें प्रस्तुत विषय डोक्यांत शिरला, तो वाचकांपुढें मांडतों.

घरफोडी हा शब्द आज आपण कुलूप तोडण्यासही लावतों. मूळ अर्थ अक्षरशः घर फोडण्याचा आहे. मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घरास सांध पाडतो, तेव्हां तो भिंतींचे प्रकार व त्यांचे उपाय सांगतो: भाजलेल्या विटा ओढून काढाव्या, कच्च्या विटा कापाव्या, मातीच्या गोळ्यांच्या भिंतीवर पाणी शिंपावें, लांकडी भिंत चिरावी. आणि जागा कोणती शोधतो? नित्याच्या अर्घ्यदानाच्या पाण्यानें भिजून खिळखिळी झालेली. आमच्या मोरीची भिंत पाहिली तेव्हां हा विद्वान् चोर मला प्रथमच खरा वाटला. इ. स. १८६० च्या दंडसंहितेनें घरफोडीचे सहा प्रकार सांगितले, त्यांतही पहिला मान स्वतः पाडलेल्या वाटेनें आंत शिरण्यासच दिला होता.

खानदेशांतील घरें या दृष्टीनें पाहावीं. पांढरीच्या मातीच्या भिंती दोन-दोन हात रुंद. खिडक्या थोड्या व उंचावर. धाब्यास उजेडासाठीं ठेवलेलें साणें लहान. मोठ्या वाड्यांस देवडी, दिंडी दरवाजा व भिंतींत सरकणारा अडसर. देशमुख-पाटलांच्या गढ्यांस बुरूजही. धान्य पेंवांत किंवा बळदांत आणि रोकड चुलीखालीं, उंबऱ्याखालीं किंवा गोठ्यांत पुरलेली. पुरणारा मेला म्हणजे ठेव तशीच राहते. वाडे पाडतांना सांपडणारे नाण्यांचे गडवे संग्राहकांच्या परिचयाचे आहेत. इ. स. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा असा ठेवा कलेक्टरास कळवावा लागतो. नाणकशास्त्रज्ञ या गडव्यांतून राजांचा क्रम लावतात. माझ्या मतें प्रत्येक गडवा ही प्रथमतः एका घाबरलेल्या गृहस्थाची नोंद आहे.

परंतु भिंत व कुलूप हे दुय्यम उपाय होत. खानदेशांतील घराचें खरें रक्षण जागल्या करी, व बहुतेक गांवीं जागल्या भिल्ल असे. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयीं इ. स. १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला, त्यांत या व्यवस्थेचें वर्णन आहे. जागल्यानें रात्रीं फिरावें, गांवांत कोण आलें-गेलें तें जाणावें, प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक ठेवावी. चोरी झाल्यास चोर त्यानें धरून द्यावा; न धरवल्यास पावलांचा माग काढीत गांवच्या शिवेपर्यंत जावें व तेथें पुढच्या गांवच्या जागल्याच्या स्वाधीन तो करावा. मग जबाबदारी त्या गांवाची. माग जेथें खुंटेल त्या गांवानें चोरीची भरपाई करावी. अर्थात् पुरी भरपाई क्वचितच होई, ऐपतीप्रमाणें अंशतः होई. हा नियम मराठ्यांनीं नवीन काढलेला नव्हे. गांवांतून माग बाहेर गेला नसेल तर दोष ग्रामाधिपतीचा, हें तत्त्व याज्ञवल्क्यस्मृतींतील स्तेयप्रकरणांत आहेच.

या पद्धतीचें मर्म असें कीं, एका घराची चोरी ही सबंध गांवाची, व माग शीव ओलांडतांच शेजारच्या गांवाचीही, बाब होत असे. म्हणून आधीं माग राखणें. आमच्या अंगणांत जमलेल्या शेजाऱ्यांचा कळवळा खरा होता. पण त्यांच्याच पायांखालीं माग गेला.

जागल्यास या कामाबद्दल धान्य, जमीन किंवा रोख हक्क मिळे. हक्क चालला तोंवर घरें निर्धास्त होतीं. तो बुडाला तेव्हां काय झालें हें खानदेशाइतकें स्पष्ट क्वचित् कोठें दिसेल. इ. स. १८०२-०३ मध्यें होळकरांच्या फौजांनीं प्रांत लुटला, पाठोपाठ दुष्काळ पडला, गांवें ओस झालीं. ओस गांवांत हक्क कोण देणार? भिल्ल सातपुड्यांत व सातमाळ्यांत गेले आणि ज्यांचीं दारें राखीत होते त्यांच्यावरच घाले घालूं लागले. पेशव्यांच्या अंमलदारांनीं उत्तर कत्तलीनें दिलें. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानें कोपरगांवीं भिल्लांस विश्वासानें बोलावून धरलें व पुष्कळांस दोन विहिरींत टाकलें, असें इ. स. १८८० च्या खानदेश ग्याझेटियरांत नमूद आहे. त्यानें घाले थांबले ते थोडे दिवस.

इ. स. १८१८ मध्यें प्रांत इंग्रजांकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज यानें प्रथम फौजेनें घाट अडवून पाहिले, मग नाइकांस नेमणुका व इतरांस जागलीचें काम देऊं केलें. इ. स. १८२५ मध्यें तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. जमिनी, तगाई व हक्कांचे तंटे हीं कामें त्यांकडे आलीं. त्याच वर्षीं औट्रॅम यानें धरणगांवास भिल्ल पलटण उभारावयास घेतली. आरंभीं शिपाई बोटांवर मोजण्याइतके. पुढें याच पलटणीनें प्रांतांत बंदोबस्त राखला. इंग्रज ग्रंथकार याचें सारें श्रेय औट्रॅमच्या धाडसास देतात. धाडस नाकबूल करण्याचें कारण नाहीं, परंतु पलटण म्हणजे बुडालेला हक्क निराळ्या नांवानें परत देणें होतें, हें ते सांगत नाहींत.

खाज्या नाईक हें याचें दुसरें उदाहरण. सेंधव्याच्या घाटाची रखवाली त्याजकडे होती. एका संशयितास मारहाण होऊन तो मेल्यामुळें खाज्यास शिक्षा झाली. सुटून आल्यावर पुन्हां नोकरी मिळाली. परंतु १८५७ सालीं तो उठला व त्या नोव्हेंबरांत त्याच रस्त्यावर सुमारें सात लाखांचा सरकारी खजिना त्यानें लुटला. इ. स. १८५८ च्या एप्रिलांत अंबापाणीची लढाई झाली. रखवालदार व लुटारू एकच मनुष्य. मधें काय तुटलें तें पाहाणें हें इतिहासकाराचें काम.

तें काम न करतां सरकारनें सोपी वाट धरली. जन्मावरून जमाती गुन्हेगार ठरविणारा कायदा इ. स. १८७१ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत झाला, व इ. स. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासही लागूं करण्याची वाट मोकळी झाली. पारधी वगैरे जमातींवर ही मोहोर बसली. कायदा इ. स. १९५२ मध्यें रद्द झाला. मोहोर लोकांच्या बोलण्यांतून अद्याप गेलेली नाहीं. आमच्या चोरीनंतर पहिल्याच दिवशीं दोन भल्या गृहस्थांनीं मला कोणत्या वस्तीवर संशय घ्यावा तें सांगितलें. पुरावा विचारला, तो त्यांजवळ नव्हता.

कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें इ. स. १९५८ च्या कायद्यानें संपलीं. त्यांतील वेठ गेली हें उत्तमच झालें. जागलीचें ज्ञान मात्र कागदावर उतरलें नाहीं, कारण ज्यांस तें होतें ते लिहीत नसत व जे लिहीत त्यांस त्याची किंमत नव्हती.

भिंतीचें भोंक आतां पुन्हां पांढरीच्या मातीनें भरून घेतलें आहे व मोरीचें पाणी भिंतीपासून चार हात दूर वळविलें आहे. पसरलेले कागद वाळवून, लावून रुमालांत बांधले. कर्जरोखे, पावत्या, वांटण्यांचीं पत्रें, पंचांगें असें सर्व कांहीं त्यांत आहे. जागल्याच्या हक्काचा एकही कागद नाहीं. पूर्व व पश्चिम खानदेशांतील जुनीं दफ्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं गांवखर्चाचे ताळेबंद याच एका दृष्टीनें पुन्हां चाळावे. रखवालीबद्दल भिल्लांस दिलेलें धान्य, शिवेवर माग पोंचविल्याची कबुली, चोरीच्या भरपाईची वर्गणी, अशी एखाददुसरी ओळही सांपडल्यास ती नक्कल करून या त्रैमासिकाकडे पाठवावी.