सुपारीच्या भटजींचा इतिहास

'टाकाऊतून टिकाऊ' हा मराठी मध्यमवर्गाने घडवलेला सर्वांत आशावादी शब्दप्रयोग असावा. त्यातला पहिला शब्द बहुधा खरा असतो. दुसऱ्याची हमी कोणी देत नाही. पिस्त्याच्या टरफलांची कमळे, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, फुटक्या बांगड्यांचा मोर, आणि आजारपणाची आठवण म्हणून किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारा सलाइनच्या नळीचा मासा. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही ही यादी घरबसल्या लांबवता येईल. या वस्तूंना हसणे सोपे आहे. आम्हांला कुतूहल आहे ते या हसण्याच्या इतिहासाचे: ते मुळात कोणाचे होते आणि मध्यंतरी त्याचा मालक कसा बदलला?

त्यासाठी रुखवतापाशी जावे लागते. रुखवत म्हणजे मुळात फराळ. वधूपक्षाने वराकडे वाजतगाजत न्यायचे पदार्थ. विनोदाची सोय या पदार्थांतच केलेली असे. नारळाएवढा लाडू किंवा चपलेएवढी करंजी ही भूक भागवण्यासाठी कोणी करत नाही. ती समोरच्या पक्षाचे डोळे विस्फारावेत म्हणून केलेली असते. जोडीला विहिणीला चिमटे काढणारी गाणी असत आणि विहीणही गप्प बसणारी नसे. उखाण्याला उखाणा मिळे. वस्तू करणारी, ती वाखाणणारी आणि तिची थट्टा करणारी अशा तिघीही एकाच मांडवात समोरासमोर उभ्या असत. हसण्यात उधारी नव्हती. डॉ. सरोजिनी बाबर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकसाहित्य समितीच्या वतीने बायकांच्या मौखिक परंपरेतले पुष्कळ धन ग्रंथबद्ध केले. शब्द असे वाचले. वस्तू मात्र खाऊन संपल्या.

पुढे ताटातल्या पदार्थांशेजारी न खाण्याच्या वस्तू येऊन बसल्या. त्यांचे साहित्य मात्र स्वयंपाकघरातलेच राहिले: सुपारी, खारीक, बदाम, हळकुंड, लवंग, रंगवलेले तांदूळ. सुपारीचे भटजी या मंडळींचे कुलपुरुष. सुपारीचे डोके, काळ्या दोऱ्याची शेंडी, चोळखणाच्या तुकड्याचे उपरणे, मांडीवर नखाएवढी पोथी, पुढ्यात लवंगांच्या समिधा रचलेला होम. दक्षिणा न मागणारे एवढे एकच भटजी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. जरा निरखून पाहावे, कधी कधी त्यांच्या डोळ्यांवर बारीक तारेचा चष्माही असतो. आमचा सगळा युक्तिवाद या चष्म्यावर उभा आहे. सुपारीला चष्मा लावणारी बाई गंभीर असणे शक्य नाही. तो विनोद तिचा आहे, जाणूनबुजून केलेला आहे, आणि तिच्या थट्टेचा विषय पुरोहित आहे.

ही मंडळी उपनगरांत राहायला आली ती शहराच्या सीमेबरोबर. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. गिरगाव-दादरच्या चाळींतून निघालेली कुटुंबे या नव्या वस्त्यांत 'ब्लॉक'मध्ये शिरली. दहा बाय बाराच्या खोलीला 'हॉल' म्हणू लागणे हीच खरे तर पहिली घरगुती हस्तकला. त्या हॉलमध्ये काचेचे 'शोकेस' आले, आणि मांडवात एक दिवस मिरवून कपाटावर जाणाऱ्या रुखवताला कायमचा पत्ता मिळाला. भटजी काचेआड गेले. शेजारी लोकरीचा ससा. ज्या शहरात थंडी पाहुण्यासारखी येते आणि चहा घेऊन जाते, तिथे लोकरीचा एवढा खप का, याचे उत्तर हा ससा आहे. पुढे यंत्रे आली, त्यांनाही वस्त्रे चढली. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. यथावकाश दूरचित्रवाणी संचाला भरतकामाची झूल मिळाली, रेडिओला झालर, मिक्सरला टोपडे. घरातल्या प्रत्येक उपकरणाचे जणू बारसे होत होते.

या उद्योगाचे अर्थशास्त्र मोठे गमतीचे आहे. रिकामी बाटली फुकट. ती बाटली आहे हे लपवण्यासाठी लागणारा रंग, जर, टिकल्या आणि डिंक मात्र विकतचा. सुतारांसाठी १९५९ मध्ये बाजारात आलेले फेव्हिकॉल या कारागिरांच्या हाती पडले नसते, तर अर्धी कमळे पाकळी-पाकळीने गळाली असती. (त्या कंपनीचे मुख्यालय अंधेरीतच असावे, हा योगायोग इतिहासकाराने सोडू नये.) कारखाना कुठे होता, म्हणाल तर पुष्कळदा रुळांवर. चर्चगेट-बोरिवली मार्गावर ५ मे १९९२ रोजी महिला विशेष गाडी सुरू झाली. बायकांचे डबे त्याआधीही होतेच. बसायला जागा मिळाली की पिशवीतून क्रोशाची सुई बाहेर येई. कार्यालय आणि स्वयंपाकघर यांच्यामधला हा एवढाच वेळ तिचा स्वतःचा, आणि त्यातून निघालेला रुमाल कोणाच्या तरी टीपॉयवर.

शाळेच्या वाट्याला गेलेला भाग थोडक्यात सांगतो. गांधीजींच्या नयी तालीमची कल्पना १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडली गेली. हातांनी काम करत शिकावे आणि त्या उत्पादनावर शाळेचा खर्चही निघावा, असा तिचा आशय. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. टकळीपासून निघालेली ही परंपरा उपनगरातल्या शाळेत थर्माकोलच्या ताजमहालापर्यंत पोहोचली. तो आई रात्री अकरा वाजता पूर्ण करी आणि गुण मुलाला मिळत. अनुभव नेमका कोणाला आला, हे प्रगतिपुस्तकात लिहायची सोय नव्हती.

मालकी बदलली ती शोकेसच्या काळातच. गडकऱ्यांच्या बाळकरामाने ठकीच्या लग्नाची मोहीम रंगवली. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या पुलंनी 'असा मी असामी'त सुधारू पाहणाऱ्या कारकुनी संसाराची फिरकी घेतली. दोघेही आमचे लाडके. तरीही एक गोष्ट खुपते. या परंपरेत गृहिणीची हौस हा विनोदाचा विषय असतो, पण गृहिणी विनोदकार क्वचितच असते. हसणारा कोचावर बसलेला, करणारी आत चहा टाकत असलेली. मांडवातल्या सवाल-जवाबातला जवाब गेला आणि उरली ती पाहुणा जिन्यावरून उतरल्यानंतरची खसखस. साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ही विनोदाची एकतर्फी वाटणी तपासायला हवी. आम्हांला तरी तो केवळ अभिरुचीचा प्रश्न वाटत नाही.

अलीकडे गोष्टी पुन्हा पालटल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली. गणपतीच्या मखराचे थर्माकोल त्या फेऱ्यात सापडले आणि घरोघरचे कारागीर पुठ्ठ्याकडे वळले. रुखवतही आता तयार मिळते, भाड्यानेही मिळते: एकसारखे भटजी, एकसारखी सप्तपदी, सगळे चकचकीत. त्याला कोणी हसत नाही. हसायचे कोणाला?

पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून घरगुती वस्तू जमवल्या. त्यांच्या संग्रहालयात दिवे आहेत, भांडी आहेत, नाना आकारांचे अडकित्ते आहेत. सुपारी फोडणाऱ्या हत्याराला अशी जागा मिळाली. सुपारीच्या भटजींसाठी मात्र कोणी गावोगाव पायपीट केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ते अजून शोकेसमध्येच आहेत, चष्मा किंचित तिरका, आणि घराचा पुनर्विकास निघाला की सामानाच्या आवराआवरीत पहिल्यांदा त्यांनाच विचारले जाते: हे ठेवायचे की टाकायचे?